पुरावा, प्रवाद आणि विलंब : खुनाच्या खटल्याचे वाङ्मयीन रूप

१

खुनाच्या खटल्याला साहित्यात जे स्थान मिळाले आहे ते केवळ त्यातील रहस्यामुळे मिळाले, असे समजणे बरोबर होणार नाही. रहस्य उलगडले की रहस्यकथा संपते. परंतु ज्या खटल्यांत गोळी कोणी झाडली याविषयी कोणाचाच वाद नव्हता, अशा खटल्यांनीही लोकांना वर्षानुवर्षे बोलते ठेवले आहे आणि लेखकांना लिहिते केले आहे. याचे कारण शोधू गेल्यास ते खुनाच्या घटनेपेक्षा घटना आणि निर्णय यांच्यामध्ये पडणाऱ्या अंतरात सापडते. न्यायालयाच्या दृष्टीने हे अंतर म्हणजे तपासाचा, साक्षीपुराव्याचा आणि अपिलांचा काळ. लोकांच्या दृष्टीने मात्र तो रिकामा काळ असतो, आणि रिकाम्या काळात कथा वाढते. पुरावा अपुरा असतो तोवर तर्क चालतो; तर्काला उत्तर मिळाले नाही की त्याचा प्रवाद होतो; आणि प्रवाद पुरेसा जुना झाला की तोच पुरावा म्हणून मिरवू लागतो.

या प्रक्रियेशी साहित्याचे नाते काय, हा प्रस्तुत प्रश्न आहे. लेखकही कथा रचतो आणि लोकही कथा रचतात. दोघांचेही साहित्य तेच : ऐकलेले, वाचलेले आणि कल्पिलेले. मग लेखकाची कथा ही प्रवादाचीच अधिक नेटकी आवृत्ती मानायची, की तिचा धर्म मुळातच वेगळा आहे?

‘साक्षी’ या शब्दात डोळ्यांचा निर्देश आहे. ज्याने प्रत्यक्ष पाहिले तो साक्षी. १८७२ च्या भारतीय पुरावा कायद्याने ऐकीव गोष्टींना सामान्यतः दाराबाहेर ठेवले, आणि १ जुलै २०२४ पासून त्याच्या जागी आलेल्या भारतीय साक्ष अधिनियमानेही ते तत्त्व सोडलेले नाही. लोकचर्चा मात्र जवळजवळ सर्वस्वी ऐकीव गोष्टींवर जगते. तेव्हा न्यायालय आणि लोक यांच्यातील फरक पहिल्याला सत्य कळते आणि दुसऱ्याला कळत नाही असा नाही. न्यायालयही चुकते. फरक असा की काय ऐकायचे नाही, याचा नियम न्यायालयाने स्वतःला घालून घेतलेला असतो. लोकांनी तसा कोणताही नियम घालून घेतलेला नसतो.

२

भारतीय साहित्यापुरते बोलायचे तर या प्रश्नाचा सर्वांत सूक्ष्म विचार शूद्रकाच्या ‘मृच्छकटिका’त झालेला आहे. गोविंद बल्लाळ देवलांच्या संगीत नाटकामुळे मराठी प्रेक्षकाला ही कथा घरची झाली; तथापि चारुदत्त-वसंतसेनेच्या प्रेमकथेवर लक्ष खिळल्यामुळे नवव्या अंकातील न्यायसभेकडे समीक्षेचे व्हावे तितके लक्ष गेलेले नाही.

त्या न्यायसभेत काय घडते ते नीट पाहिले पाहिजे. फिर्याद आणणारा शकार हाच गुन्हेगार आहे आणि तो खोटे बोलतो, हे प्रेक्षकाला ठाऊक असते. परंतु त्याच्याखेरीज जे जे बोलतात ते बहुतांशी खरेच बोलतात. वसंतसेना चारुदत्ताच्या घरी गेली होती, हे तिच्या आईचे म्हणणे खरे आहे. चारुदत्ताची गाडी उद्यानाकडे चालली होती आणि तीत वसंतसेना असल्याचे सांगण्यात आले होते, ही रक्षक वीरकाची माहितीही खरी आहे. गाडीत वस्तुतः दुसराच कोणी होता, हे त्याला माहीत नाही. उद्यानात एका स्त्रीचे प्रेत आढळते, तेही खरे. ती स्त्री वसंतसेना नव्हे एवढेच. मैत्रेयाच्या काखेतून दागिने भर सभेत खाली पडतात आणि ते वसंतसेनेचेच आहेत, हे चारुदत्त स्वतः नाकारीत नाही. एकेक मणी खरा आहे आणि ज्या दोऱ्यात ते ओवले गेले तो मात्र खोटा आहे. प्रवादाचे स्वरूप याहून अचूकपणे दाखविणे कठीण. प्रवाद बहुधा खोट्या वस्तुस्थितीवर उभा नसतो. खऱ्या वस्तुस्थितीला खोट्या क्रमाने बांधून तो उभा राहतो.

याच अंकात शकाराच्या तोंडून एक शब्द निसटतो. वसंतसेनेचा खून झाला आणि तो ‘माझ्याकडून नव्हे’, असे न विचारताच तो बोलून जातो. न्यायाधीश ते टिपून घ्यायला सांगतात आणि शकार ते लिहिलेले पायाने पुसून टाकतो. राजाच्या मेहुण्याला पुरावा पुसता येतो, आणि पुसताना सर्वांनी पाहिले तरी खटला पुढे चालतो! न्यायाधीशाला चारुदत्ताच्या दोषाविषयी शंका आहे, मृत्युदंड देऊ नये असे तो राजाला सुचवितोही. परंतु समोर आलेल्या पुराव्यापुढे तो असहाय आहे. शूद्रकाने त्याला दुष्ट रंगविले नाही, हे त्याचे मोठेपण होय.

आता विलंबाचा मुद्दा. चारुदत्ताच्या बाबतीत कायद्याला मुळीच वेळ लागत नाही. फिर्याद, साक्षी, राजाज्ञा आणि वधस्थानाकडे मिरवणूक, सारे एका झपाट्यात होते. त्याला वाचविते ती कायद्याची दिरंगाई नव्हे, तर चांडाळांची. त्यांपैकी एकाला त्याच्या बापाने मरताना उपदेश केलेला असतो की वध्याला मारण्याची घाई करू नये. एखादा सज्जन द्रव्य देऊन त्याला सोडवील, राजाला पुत्र होऊन बंदिवान मुक्त होतील, हत्ती सुटून धांदल उडेल, नाही तर राज्यच पालटेल. उशीर करण्याचे हे तत्त्वज्ञान न्यायाधीशाच्या तोंडी नाही, वध करणाऱ्याच्या तोंडी आहे. आणि त्या उशिरातच वसंतसेना जिवंत येऊन उभी राहते. विलंब हा अन्याय आहे, असे सरसकट म्हणणाऱ्याने हा प्रसंग विसरू नये. विलंब चुकीला दुरुस्तीची संधी देतो. आणि त्याच वेळी प्रवादाला वाढीची संधीही देतो. या दोन गोष्टी एकमेकींपासून वेगळ्या काढता येत नाहीत, हीच खरी अडचण आहे.

शिवाय नाटकात मृत व्यक्ती परत येऊ शकते. जगात ती येत नाही. तिच्याविषयी काहीही बोलले तरी ते खोडून काढायला ती उभी राहत नाही, आणि म्हणूनच खुनाच्या खटल्यात प्रवादाचा पहिला बळी बहुधा तीच ठरते.

३

स्वातंत्र्योत्तर काळात असा एक खटला मुंबईत उभा राहिला की ज्याच्या आधारे या साऱ्या प्रश्नांची तपासणी करता येते. नौदलाचे कमांडर कावस नानावटी यांनी २७ एप्रिल १९५९ रोजी प्रेम आहुजा यांच्यावर त्यांच्याच घरात गोळ्या झाडल्या. पत्नीने आहुजांशी असलेल्या संबंधांची कबुली त्याच दिवशी दिलेली होती. नानावटी स्वतः पोलिसांच्या स्वाधीन झाले. कोणी मारले, कोणत्या शस्त्राने मारले, कोठे मारले, यांपैकी काहीच अज्ञात नव्हते. अज्ञात होते ते बंद खोलीतील काही क्षण आणि एका माणसाच्या मनाची अवस्था. तिसरा साक्षी तेथे नव्हता. दोघांपैकी एक मृत होता आणि दुसरा आरोपी.

झटापटीत पिस्तूल आपोआप उडाले, असा बचाव होता. त्याविरुद्ध फिर्यादी पक्षाने ज्या गोष्टींवर बोट ठेवले त्यांत एक टॉवेल होता. आहुजा नुकतेच स्नान करून आले होते, अंगावर टॉवेल होता, आणि मृत्यूनंतरही तो सुटलेला नव्हता. झटापट झाली असती तर तो जागेवर राहिला असता काय? न्यायालयापुढे टॉवेलचा प्रश्न एवढाच होता. न्यायालयाबाहेर त्याचा अर्थ पार बदलला. बाजारात आहुजांच्या नावाने टॉवेल आणि नानावटींच्या नावाने खेळण्यातली पिस्तुले विकली गेल्याचे नमूद आहे. फिर्यादी पक्षासाठी जो टॉवेल झटापट न झाल्याची खूण होता, तोच लोकांसाठी मृताच्या शीलाची खूण झाला. एकाच वस्तूचे हे दोन अर्थ लक्षात घेतले म्हणजे पुरावा आणि प्रवाद यांची फारकत कोठे होते ते कळते : पुरावा ‘काय घडले’ हे विचारतो, प्रवाद ‘कोण कसा होता’ हे ठरवून मोकळा होतो.

ही घडण आपोआप झालेली नव्हती. रूसी करंजियांच्या ‘ब्लिट्झ’ साप्ताहिकाने आरोपीची बाजू उघडपणे घेतली. नौदलाचा गणवेश, फसवला गेलेला पती, श्रीमंत आणि रंगेल तरुण : ही पात्रे प्रेक्षकांना रंगभूमीवरून आणि पडद्यावरून परिचित होतीच, खटल्याने त्यांना केवळ खरी नावे पुरविली. ज्यूरीने आठ विरुद्ध एक अशा मतांनी आरोपीला निर्दोष ठरविले. सत्र न्यायाधीशांना तो निर्णय मान्य होण्याजोगा वाटला नाही आणि त्यांनी प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठविले. ११ मार्च १९६० रोजी उच्च न्यायालयाने दोषी ठरवून जन्मठेपेची शिक्षा सुनावली. त्याच दिवशी राज्यपालांच्या आदेशाने ती स्थगित झाली. हा आदेश कोठवर टिकतो, याचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाला ५ सप्टेंबर १९६० रोजी द्यावा लागला, आणि मूळ अपिलाचा निकाल २४ नोव्हेंबर १९६१ रोजी लागला. शिक्षा कायम झाली. १९६४ मध्ये राज्यपाल विजयालक्ष्मी पंडित यांनी माफी दिली.

गोळ्या झाडल्यापासून अखेरच्या न्यायनिर्णयापर्यंत दोन वर्षे आणि सात महिने. आजच्या वाचकाला हा काळ विलंबाचा नव्हे, त्वरेचाच वाटेल. परंतु विलंबाची लांबी केवळ वर्षांनी मोजायची नसते. त्या काळात किती वेळा निकाल लागल्यासारखा वाटला आणि पुन्हा उघडला गेला, यावरही ती अवलंबून असते. सुटका, शिक्षा, स्थगिती, पुन्हा शिक्षा आणि अखेर माफी, अशी पाच वळणे या खटल्याने घेतली. प्रत्येक वळणावर लोकांच्या हाती नवा अंक आला.

या साऱ्या गदारोळात सर्वोच्च न्यायालयाच्या निकालपत्रातील एक साधा हिशेब वाङ्मयीन दृष्टीने सर्वांत मोलाचा आहे. न्यायमूर्ती सुब्बा राव यांनी तो मांडला. आरोपी दुपारी दीडच्या सुमारास घरातून निघाला. खून चार वाजून वीस मिनिटांनी झाला. मधल्या वेळात त्याने पत्नीला आणि मुलांना चित्रपटगृहाशी सोडले. रात्री एकट्याने अहमदनगरला मोटार चालवीत जायचे आहे असे खोटे कारण सांगून जहाजावरून पिस्तूल व सहा काडतुसे घेतली. ती तपकिरी लिफाफ्यात ठेवली. आहुजांच्या कार्यालयात जाऊन आला. आणि मग त्यांच्या घरी गेला. सुमारे तीन तासांचा हा अवधी स्वतःवर ताबा मिळविण्यास पुरेसा होता, म्हणून ‘गंभीर आणि आकस्मिक प्रक्षोभ’ हा बचाव टिकत नाही, असे न्यायालयाने म्हटले.

लोकांच्या कथेत हे तीन तास नाहीत. तेथे एक कबुली आहे आणि एक गोळी आहे. मधले सारे गळून गेले आहे. प्रवादाला क्षण हवा असतो, अवधी परवडत नाही. कायद्याने मात्र तो अवधी मिनिटांनी मोजला. ज्याला विलंबाबद्दल दोष दिला जातो त्याच न्यायसंस्थेने माणसाच्या मनातल्या विलंबाची मोजणी करून निर्णय दिला, हा योगायोग मननीय आहे. परंतु न्यायालयही त्या तीन तासांच्या दाराशीच थांबते. लहान मुलांना चित्रपट पाहायला सोडून जहाजाकडे मोटार वळविणाऱ्या माणसाच्या मनात काय चालले होते, हे सांगणे कायद्याचे काम नव्हे. ते साहित्याचे काम आहे.

४

साहित्याने आणि साहित्याश्रयी कलांनी ते कितपत केले? खटल्याच्या छायेत बऱ्याच कृती निर्माण झाल्या. मधुसूदन कालेलकरांच्या ‘अपराध मीच केला’ या नाटकाचे खटल्याशी असलेले नाते परिचित आहे. ‘कोणी केला’ हा प्रश्न शीर्षकातच निकालात काढून ते ‘का केला’ याकडे वळते. १९६३ मध्ये ‘ये रास्ते हैं प्यार के’ हा हिंदी चित्रपट आला, २०१६ मध्ये ‘रुस्तम’ आला. दोन्ही चित्रपटांचा मुख्य भर सहानुभूती कोणाकडे जावी यावर आहे. ‘रुस्तम’मध्ये तर नायकाच्या कृत्यामागे देशहिताचा हेतूही जोडला गेला. म्हणजे सत्तावन्न वर्षांनंतरही कथा मृताच्या विरुद्ध पुरावा गोळा करीतच होती, आणि तोही वस्तुस्थितीत नसलेला.

दोन कृती मात्र वेगळ्या वाटेने गेल्या. गुलजार यांच्या ‘अचानक’ (१९७३) या चित्रपटातील सैनिकी अधिकाऱ्याला पत्नी व मित्र यांच्या खुनाबद्दल फाशीची शिक्षा झालेली आहे. पळताना तो जखमी होतो आणि डॉक्टर त्याला मोठ्या कष्टाने वाचवितात. वाचवितात ते फाशीसाठी. येथे आरोपी निर्दोष की दोषी हा प्रश्नच उरत नाही. उरतो तो शिक्षा आणि अंमल यांमधला काळ, आणि त्या काळात त्याची शुश्रूषा करणाऱ्यांची मूक कुचंबणा. विलंबाला येथे प्रथमच आशयाचे स्थान मिळाले.

सलमान रश्दी यांच्या ‘मिडनाइट्स चिल्ड्रन’ (१९८१) या कादंबरीतील कमांडर साबरमतीचे प्रकरण याहून चतुर आहे. त्यात निवेदक सलीम बालवयात वृत्तपत्रांच्या मथळ्यांतले शब्द आणि अक्षरे कापून एक निनावी पत्र तयार करतो. त्या पत्रामुळे कमांडरला पत्नीच्या वर्तनाचा सुगावा लागतो आणि खून घडतो. वृत्तपत्रांनी खुनाची कथा रचली, हे सर्वांनाच दिसले होते. रश्दींनी क्रम उलटा केला : वृत्तपत्राच्या तुकड्यांनीच खून घडविला. आपली कथा सांगण्याची ओढ निष्पाप नसते, ही जाणीव त्या कल्पनेत आहे. तथापि या प्रकरणातही मृत पात्राला स्वतःचे अंतरंग फारसे लाभलेले नाही, हे नमूद केले पाहिजे.

लेखकही निकालाची वाट पाहणाऱ्या जमावातलाच एक असू शकतो, याचे उदाहरण भारताबाहेरचे आहे. अमेरिकेतील कॅन्सास राज्यात नोव्हेंबर १९५९ मध्ये एका शेतकरी कुटुंबातील चौघांचा खून झाला. ट्रूमन कपोटी यांनी ‘इन कोल्ड ब्लड’साठी दोघा आरोपींशी वर्षानुवर्षे संबंध ठेवला. शिक्षा १९६० मध्येच झाली होती. अपिलांमुळे फाशी १४ एप्रिल १९६५ पर्यंत लांबली. फाशी झाल्याखेरीज पुस्तकाला शेवट नव्हता. आरोपींना विलंब हवा होता, लेखकाला विलंबाचा अंत हवा होता. पुस्तकाची बांधणी असामान्य आहे यात शंका नाही. परंतु दुसऱ्याच्या मृत्यूवर ज्याची पूर्णता अवलंबून आहे अशा कलाकृतीकडे पाहताना केवळ बांधणीची प्रशंसा करून समीक्षेला थांबता येत नाही. मात्र खून झालेल्या चौघांचा शेवटचा दिवस कपोटींनी आरंभीच विस्ताराने उभा केला, त्यांना ‘प्रकरणातले मृत’ एवढेच राहू दिले नाही, हेही मान्य केले पाहिजे.

५

प्रवादाचीच सुनावणी करणारी कृती मराठीत आहे. विजय तेंडुलकरांच्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ (१९६७) या नाटकात खून नाही आणि खरे न्यायालयही नाही. एका हौशी मंडळींचा वेळ जायचा असतो म्हणून खोटा खटला उभा राहतो, आरोपी म्हणून बेणारे बाईंना पिंजऱ्यात उभे केले जाते आणि भ्रूणहत्येचा आरोप ठेवला जातो. म्हणजे येथेही मूळ कारण रिकामा वेळच आहे.

या नाटकाची चर्चा बहुधा स्त्रीवरील सामाजिक अत्याचार या अंगाने झाली आणि ती योग्यच आहे. परंतु त्यातील पुराव्याची रीत स्वतंत्रपणे पाहण्यासारखी आहे. गावचा साधाभोळा सामंत साक्ष द्यायला उभा राहतो आणि हातातल्या एका कादंबरीच्या आधारे आपली साक्ष रचून सांगतो. कल्पित कथा साक्ष म्हणून दाखल होते आणि ती खऱ्या जखमेवर नेमकी बसते. काशीकर न्यायाधीशाची खुर्ची सोडून स्वतःच साक्षीदार होतो. ज्याच्या साक्षीला खरोखर अर्थ होता तो प्राध्यापक दामले अनुपस्थित आहे. न्यायालयाने स्वतःला घालून घेतलेले सारे निर्बंध एकामागून एक सुटतात : ऐकीव गोष्ट ग्राह्य ठरते, न्याय देणारा आणि साक्ष देणारा एक होतात, आणि अखेर ज्या हत्येचा आरोप आहे तीच हत्या शिक्षा म्हणून फर्मावली जाते. बेणारे बाईंचे दीर्घ भाषण होते तेव्हा बाकीची पात्रे स्तब्ध असतात. ते ऐकतो तो प्रेक्षक. म्हणजे जे ऐकायला हवे होते तेच या न्यायालयाच्या नोंदीत येत नाही.

‘मृच्छकटिका’त शकार पायाने जे पुसतो आणि येथे जे कोणी लिहून घेत नाही, त्या दोहोंत काळाचे अंतर मोठे असले तरी लेखकांची दृष्टी एकच आहे. दोघेही निकालापेक्षा नोंदीकडे पाहतात : काय टिपले गेले, काय गळले आणि कोणाच्या सोयीने गळले. लोकचर्चा आणि साहित्य यांतील भेद शोधायचा तो येथेच. प्रवादाला पोकळी सहन होत नाही. पुरावा जेथे संपतो तेथून तो आपली भर घालू लागतो. चांगली कलाकृतीही कल्पना करते, किंबहुना कल्पनेखेरीज तिला दुसरे साधन नाही. परंतु आपण कोठपर्यंत जाणतो आणि कोठून कल्पितो ही सीमा ती वाचकाच्या नजरेआड होऊ देत नाही. प्रवाद वाचकाला न्यायाधीश बनवितो. साहित्य त्याला साक्षीदाराच्या जागी उभे करते आणि तू नेमके काय पाहिलेस, असे विचारते.

नानावटी खटल्याने भारतातील ज्यूरीपद्धती संपविली, असे आजही सांगितले जाते. वस्तुतः विधी आयोगाने आपल्या चौदाव्या अहवालात, १९५८ मध्येच, म्हणजे या खटल्याच्या आधीच, ती रद्द करण्याची शिफारस केलेली होती. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत तिला स्थान राहिले नाही. एका प्रकरणाने एक युग संपले, ही कल्पना कथा म्हणून अधिक सुबक आहे एवढेच. या खटल्यातून निघालेला हा बहुधा सर्वांत दीर्घायुषी प्रवाद असावा, आणि तो सामान्य वाचकापेक्षा लेखक-अभ्यासकांच्या लिखाणातच अधिक आढळतो.

भारतीय भाषांत वास्तवातील खटल्यांवर आधारलेले लेखन आज वाढत आहे. त्याचे मूल्यमापन करताना निकाल बरोबर होता की चूक, हा प्रश्न समीक्षेने कायद्याच्या अभ्यासकांवर सोपवावा. तिने विचारायचा प्रश्न वेगळा आहे. खटला लांबत असताना आरोपीचे वकील बोलतात, फिर्यादी पक्ष बोलतो, वृत्तपत्रे बोलतात, बाजार बोलतो. एका माणसाचे मौन मात्र शेवटपर्यंत तसेच राहते. प्रेम आहुजा यांच्याविषयी सहा दशके जे लिहिले गेले त्यात ते बहुतेक वेळा एक अंगवस्त्र आणि एक अपकीर्ती एवढेच आहेत. ते दोषी होते की नव्हते, हा मुद्दा येथे गौण आहे. ज्याला परत येऊन साक्ष देता येत नाही त्याला कलाकृतीने किती जागा दिली, हे पाहणे समीक्षेचे काम आहे. आणि त्या कसोटीला उतरणाऱ्या कृती अद्याप फार थोड्या आहेत.